दहा हजारांत गावच्या शाळेचं वाचनालय

जिल्हा परिषदेच्या शाळेला काही द्यायचं मनात आलं की गावातली माणसं बहुधा लोखंडी कपाट देतात. वस्तू टिकाऊ असते, दारावर दात्याचं नाव रंगवता येतं आणि देणाऱ्याची भावनाही चांगलीच असते. पुढे काय होतं ते मात्र गावोगाव सारखंच. कपाटात पुस्तकं जातात, कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात जाते. मग 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, पुस्तकं बाहेर येतात, सतरंजीवर मांडली जातात आणि संध्याकाळी परत आत जातात. अशा कपाटाला आज तालुक्याच्या बाजारात साधारण सात ते दहा हजार रुपये पडतात. तेवढ्याच पैशात चाळीस पटाच्या शाळेत मुलांच्या हाताला लागणारं वाचनालय पहिल्या वर्षी उभं राहतं आणि पुढची वर्षं निम्म्याहून कमी खर्चात चालतं. त्याचा हा हिशेब शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी, सरपंचांसाठी आणि नोकरीनिमित्त बाहेर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. आणि अर्थात, वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून पुस्तकं आणणाऱ्या शिक्षकांसाठी.

हिशेबासाठी शाळा नेहमीची धरली आहे: पहिली ते चौथी, पट 40, दोन शिक्षक, दोन खोल्या. भाव साधारण आहेत, गावागणिक आणि दुकानागणिक ते मागेपुढे होतील.

पैशाचा मोठा वाटा पुस्तकांना

सुरुवातीला शंभराच्या आसपास पुस्तकं पुरतात. चाळीस मुलांनी एकेक घरी नेलं तरी वर्गात साठ उरतात. पन्नासच आणली तर महिन्याभरात "ही वाचली, ही पण वाचली" सुरू होतं. एकदम तीनशे आणली तर दोन शिक्षकांना नोंदी झेपत नाहीत, आणि नोंदी झेपल्या नाहीत की पुस्तकं पुन्हा कुलपात जातात.

या शंभरात साठ पुस्तकं अगदी पातळ हवीत. सोळा ते चोवीस पानं, प्रत्येक पानावर चित्र, खाली एक-दोन ओळी. प्रथम बुक्सची आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली अशी मराठी पुस्तकं साधारण 40 ते 70 रुपयांना मिळतात, त्यातली स्वस्त निवडली तर सरासरी 45 रुपये धरता येते. म्हणजे 2,700 रुपये. पस्तीस पुस्तकं थोडी जास्त मजकुराची घ्यावीत, तिसरी-चौथीच्या मुलांना एका बैठकीत संपवता येतील अशी. सरासरी 70 रुपयांप्रमाणे ती 2,450 ला पडतात. उरलेली दहा मोठ्या आकाराची, चांगल्या चित्रांची, शिक्षकांनी वर्गासमोर धरून वाचायची. ही दीडशेच्या घरात जातात, म्हणून 1,500. एकूण 105 पुस्तकं, 6,650 रुपये.

या दहा मोठ्या पुस्तकांत हात आखडता घेऊ नका. मराठीत मुलांसाठी अस्सल, भाषांतरित न वाटणारं लेखन करणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचं नाव पहिल्या ओळीत आहे. 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली त्यांची 'राधाचं घर' आणि 'यश' ही पुस्तकं पातळ चित्रपुस्तकांपेक्षा महाग पडतील, पण त्यातली घरं, आजी-आजोबा आणि मुलांची आपापसातली बोलणी मुलांना ओळखीची वाटतात. पुस्तकातलं पोर आपल्यासारखं बोलतंय हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मुलाचं पुस्तकाशी नातं बदलतं.

मासिकांसाठी वर्षाला 800 रुपये वेगळे ठेवा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं, वर्गणी माफक असते आणि जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ते चौथीच्या मुलांना आणि त्यांच्या मोठ्या भावंडांना जास्त जवळचं. दिवाळीत 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार अंक निघतो. तो पुष्कळ प्रतींत विकत घेऊन शाळांना भेट देणारे लोक आहेत, तेव्हा गावातल्या कोणाची अशी ओळख असेल तर आवर्जून सांगून ठेवा.

दुकानात उभं राहून करायची परीक्षा

पुस्तक विकत घेण्याआधी मधलं कुठलंही एक पान मोठ्यानं वाचा. दुकानदार काय म्हणेल याचा संकोच नको. वाचताना तुमची जीभ अडखळली, वाक्य उलटं बांधलेलं वाटलं, "त्याने त्याच्या आईला त्याचा चेंडू दाखवला" असलं मराठी आलं, तर पुस्तक खाली ठेवा. मुलांसाठीच्या मराठी पुस्तकांचा बाजार आता घाईघाईनं केलेल्या भाषांतरांनी भरलाय. चित्रं सुरेख, कागद गुळगुळीत आणि भाषा मात्र कोणाच्याच घरात बोलली जात नाही अशी. नुकतंच अक्षर जुळवायला लागलेलं मूल पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधत वाचतं. वाक्यच अनोळखी असेल तर अंदाज चुकत जातो, आणि आपल्यालाच येत नाही असं मूल समजतं.

दुसरं, बांधणी बघा. पातळ पुस्तक मधोमध पिना मारलेलं असेल तर ते पूर्ण उघडतं आणि पिन निघाली तरी पुन्हा मारता येते. पाठीला नुसता डिंक लावलेलं पातळ पुस्तक चाळीस मुलांच्या हातात एक पावसाळा काढत नाही, पानं सुटी होतात. तिसरं, अक्षराचा आकार आणि ओळींमधलं अंतर. काना-मात्रा-वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना चिकटल्या असतील तर पहिली-दुसरीसाठी ते पुस्तक नको, कितीही चांगली गोष्ट असली तरी.

"शाळा संच" नावानं येणाऱ्या गठ्ठ्यांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. शंभर पुस्तकं, छापील किंमत अमुक हजार, तुम्हाला निम्म्यात. त्यात थोरांची चरित्रं असतात, निबंध असतात, सामान्यज्ञान, सुविचार आणि त्याच त्या बोधकथा बारीक टायपात, चित्र असलंच तर मुखपृष्ठावर. किंमत मुळातच फुगवून छापलेली असल्यानं सवलत ही सवलत नसते. यातली दहा पुस्तकं चांगली निघाली तर ती दहा तुम्हाला भलत्याच महाग पडली असं समजा. सुटी सुटी निवडून घ्यायला दुकानदार नाही म्हणत असेल तर दुकान बदला. प्रकाशकाकडून थेट किंवा पुस्तक प्रदर्शनात घेतलं, तर शाळेच्या नावानं मागणी केल्यावर 20 टक्क्यांच्या आसपास सूट बऱ्याच ठिकाणी मिळते. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

बिल पक्कं घ्या आणि शाळेच्या नावानं घ्या. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांची चित्रपुस्तकं आणि रंगवायची पुस्तकंही त्यात येतात. पुस्तकांच्या रकमेवर कर चढवलेला दिसला तर तिथेच विचारा. फाइलींसारख्या सामानाची कर-आकारणी वेगळी असते, त्यामुळे पुस्तकांचं बिल स्वतंत्र करून घेतलेलं बरं.

पुण्या-मुंबईहून पुस्तकं मागवायची तर कुरिअर परवडत नाही, आणि आडगावात ते पोचतही नाही. टपाल खात्याची रजिस्टर्ड बुकपोस्टाची जुनी सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा पुस्तकवाल्यांची मोठी अडचण झाली होती. 1 मे 2025 पासून त्याऐवजी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आहे. सुरुवातीचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. पाकीट कुठवर आलं ते बघताही येतं. हिशेब उघड आहे: एकेक पुस्तक मागवू नका. पातळ चित्रपुस्तकं पाच किलोत पन्नास-साठ सहज बसतात, म्हणजे पुस्तकामागे टपालखर्च दोन रुपयांच्या आसपासच येतो. आपली 105 पुस्तकं दोन, फार तर तीन गठ्ठ्यांत येतील. कर धरून 250 ते 350 रुपये, विक्रेत्यानं एखाद्या गठ्ठ्याचा खर्च उचलला तर त्याहून कमी. आपण 250 धरू.

फुकट पुस्तक केवढ्याला पडतं

प्रथम बुक्सनं 2015 साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. त्यावर मराठीतही पुष्कळ गोष्टी आहेत. त्या वाचायला, उतरवून घ्यायला, छापायला आणि वाटायला मोकळ्या आहेत, परवाना तसाच दिलेला आहे. त्यामुळे "मोफत पुस्तकं आहेत, प्रिंट काढली की झालं" असं अनेकांना वाटतं.

तालुक्याला रंगीत प्रिंटचा एका बाजूचा दर साधारण दहा रुपये. सोळा पानांची गोष्ट, एका बाजूवर दोन पानं बसवली तरी आठ बाजू, म्हणजे 80 रुपये. वर पिना आणि जाड कव्हर. तशीच छापील प्रत 50 रुपयांच्या आसपास विकत मिळते, आणि तिचा कागद जाड असतो. रंगीत प्रिंट काढून वाचनालय उभं करणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी टिकणारी वस्तू घेणं.

काळ्या-पांढऱ्या प्रिंटला मात्र अर्थ आहे. बाजूला दोन रुपये धरले तर तीच गोष्ट सोळा रुपयांत होते आणि चित्रं मुलं स्वतः रंगवतात. रंगवताना मूल एकेका पानावर दहा-पंधरा मिनिटं रेंगाळतं आणि खालची ओळ दहा वेळा डोळ्यांखालून जाते. अशी प्रत त्या मुलाची स्वतःची, घरी ठेवायची. घरात एकही पुस्तक नसलेल्या मुलाला सोळा रुपयांत स्वतःच्या मालकीचं पुस्तक मिळतं, आणि या सगळ्या खर्चात इतकं मोलाचं दुसरं काही नाही असं मला वाटतं. वर्षातून एकदा चाळीस मुलांना एकेक दिलं तर 640 रुपये. हे वरच्या दहा हजारांत धरलेलं नाही. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटणाऱ्या पालकांकडून ते सहज निघतात.

शाळेत लोकवर्गणीतून आलेला टीव्ही असेल तर तीच गोष्ट पडद्यावर लावून सगळ्यांनी मिळून वाचता येते. खर्च फक्त विजेचा. पण वीजबिल थकून शाळेची जोडणी तुटण्याचे प्रकार होतात, तेव्हा सगळी भिस्त पडद्यावर ठेवू नये.

यापेक्षाही स्वस्त म्हणजे शाळेतच केलेली पुस्तकं. ए-फोर कागद दोन घ्या, मधोमध दुमडा, आठ पानं होतात. वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर, दोन पिना. खर्च दोन रुपयांच्या आत. मजकूर गावातलाच. एखाद्या आजीला शाळेत बोलवा, गोष्ट सांगायला सांगा. चौथीची मुलं ती आपल्या शब्दांत लिहितील, दुसरीची मुलं चित्रं काढतील. कोरकू, भिली, वारली, गोंडी बोलणाऱ्या वस्त्यांवर तर हे केल्याशिवाय गत्यंतर नाही. शाळेतली प्रमाण मराठी त्या मुलांना परकी असते, आणि त्यांच्या बोलीत छापलेली पुस्तकं बाजारात सहज मिळत नाहीत. बोलीतली गोष्ट देवनागरीत लिहून डाव्या पानावर, तीच मराठीत उजव्या पानावर, अशी पुस्तकं शिक्षकांनी मुलांकडून करून घेतली, तर मूल आपल्या भाषेच्या आधारानं दुसऱ्या भाषेत शिरतं. दात्यांनी अशा शाळेला एक रीम कागद द्यावा. तीनशे रुपयांच्या त्या पाचशे कागदांत अडीचशे पुस्तकं होतात.

कपाटाऐवजी दोरी

भिंतीला दोन खिळे, त्यांच्यामध्ये नायलॉनची दोरी, दोरीवर पुस्तकं मधून उघडून टाकलेली किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली. उंची पहिलीच्या मुलाच्या छातीइतकी. मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे, कारण वाचता न येणारं मूल पुस्तक मुखपृष्ठावरून निवडतं. पातळ पुस्तकाची कड कपाटात दिसतसुद्धा नाही. दोरी आणि चार डझन चिमटे मिळून 200 ते 250 रुपये. गावातल्या शिंप्याकडून जाड कापडाचे कप्पे शिवून घेतले तर तीस कप्प्यांचा एक पडदा 350-400 ला होतो, असे दोन घ्या. एकूण हजार रुपये. खाली बसायला सतरंजी, 600. पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या खोलीत कप्पे भिंतीपासून चार बोटं लांब टांगा, नाहीतर श्रावणापर्यंत पुस्तकांना बुरशी धरते.

दुरुस्तीचं सामान वेगळं ठेवा: रुंद चिकटपट्टी, मोठा स्टेपलर, सुई-दोरा, 300 रुपये. दर शनिवारी चौथीच्या मुलांनी "पुस्तकांचा दवाखाना" चालवावा, ती आनंदानं चालवतात. नोंदवही 100 रुपये. तीत तीनच रकाने असावेत: पुस्तकाचा नंबर, नाव, नेल्याची तारीख. परत आल्यावर काट मारायची, आणि हेही मुलांनीच करायचं. रकाने वाढवले की नोंदी शिक्षकांवर येतात आणि आठवड्यात बंद पडतात.

बेरीज: पुस्तकं 6,650, टपाल 250, दोरी-कप्पे 1,000, सतरंजी 600, दुरुस्ती 300, नोंदवही 100, मासिकं 800. एकूण 9,700 रुपये. मुलामागे 240 च्या आसपास.

जो खर्च बिलात येत नाही

इथपर्यंतचं सगळं केलं आणि पुढचं केलं नाही, तर 9,700 रुपये वाया जातात. पुस्तकं टांगल्यानं मुलं वाचत नाहीत. कोणीतरी रोज वाचून दाखवावं लागतं.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायला हवं. रोज वीस मिनिटं वाचून दाखवायला दिली तर वर्षाला साधारण 67 तास लागतात, म्हणजे एकूण वेळेचे आठ टक्के. ही रक्कम मोठी आहे आणि ती शिक्षकांकडून मागताना मोकळेपणानं मागितली पाहिजे. माहिती भरणं, ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, सर्वेक्षणं या सगळ्यातून दोन शिक्षकांच्या शाळेत वीस मिनिटं काढणं सोपं नाही. तरी मी ती भाषेच्या तासातून काढा असंच म्हणेन, कारण ते भाषेचंच काम आहे. परिपाठातली पाच-सात मिनिटं, रोजचा सुविचार, दिनविशेष आणि त्याच त्या बातम्यांत जाणारी, यात घातली तर उरतात पंधरा.

वाचून दाखवणं म्हणजे धडा वाचणं नव्हे. बाई सतरंजीवर बसतात, मुलं अर्धगोलात. पुस्तक छातीशी, पानं मुलांकडे वळवलेली, त्यामुळे मजकूर आधी एकदा घरी वाचून ठेवावा लागतो. मुखपृष्ठावर थांबतात. "ही बकरी छपरावर कशी गेली असेल?" चार उत्तरं येतात. एखादं मूल आपल्या घरच्या बकरीचं सांगायला लागतं, त्याला सांगू देतात. मग वाचन सुरू. पान उलटण्याआधी क्षणभर थांबायचं, मुलं पुढे सरकतात. अवघड शब्दाचा अर्थ थांबून सांगायचा नाही, चित्राकडे बोट नेलं की पुरतं. गोष्ट संपली की "यातून काय बोध घेतला?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो विचारला की पुढच्या वेळी मुलं गोष्ट न ऐकता बोध शोधतात. नुसतं पुस्तक दोरीवर परत लावायचं. मधल्या सुट्टीत त्याच पुस्तकासाठी झोंबाझोंबी होते, आणि पहिलीतलं एखादं मूल ते हातात घेऊन, अक्षर न ओळखता, बाईंच्या आवाजात, पान उलटत पूर्ण गोष्ट "वाचतं". त्याला खोटं वाचतोस म्हणून हटकू नका. वाचायला शिकण्याची ती सुरुवात आहे.

शिक्षकांना हे जमवायला मदत हवी असेल तर शिकण्यासारखी कामं महाराष्ट्रात झाली आहेत. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभी केलेली प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात, सोनाळे इथून काम करणारी नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट', या दोन्हींनी मूल वाचायला कसं शिकतं यावर ग्रामीण मुलांमध्ये राहून काम केलं आहे. 'क्वेस्ट'च्या 'गोष्टरंग'मध्ये नट मंडळी मुलांच्या गोष्टींचे प्रयोग शाळांमध्ये जाऊन करतात. माधुरी पुरंदरे यांची 'वाचू आनंदे' ही मालिका शिक्षकांनी स्वतःसाठी जरूर घ्यावी.

शिक्षकांचा वेळ अगदीच कमी पडत असेल तर आठवड्यातले दोन दिवस चौथीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवावं. चौथीत असूनही अडखळत वाचणाऱ्या मुलाला याचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पहिलीचं सोपं पुस्तक हातात घ्यायला त्याला एरवी लाज वाटते, धाकट्यांना वाचून दाखवायचं म्हटल्यावर तो ते आदल्या दिवशी घरी नेऊन चार वेळा वाचतो.

बक्षिसांवर एक रुपयाही घालू नका. "महिन्यात सर्वाधिक पुस्तकं वाचणारा विद्यार्थी" असा तक्ता लावला की मुलं सर्वांत पातळ पुस्तकं उचलतात, आणि मागे पडणारी मुलं दोरीकडे फिरकत नाहीत.

फाटणं-हरवणं हा खर्चच धरा

पुस्तकं कुलपात जाण्याचं खरं कारण शिक्षकांची अनास्था नसतं, भीती असते. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीला, पुस्तक चढलं की ते तपासणीत दाखवावं लागतं, हरवलं तर भरून द्यावं लागेल ही धास्ती. याचा बंदोबस्त समितीनं करायचा आहे. पहिल्याच सभेत ठराव करा: मुलांच्या वापरात पुस्तकं फाटणार, हरवणार, वर्षाला शंभरातली वीस गेली तरी शिक्षकांना जबाबदार धरलं जाणार नाही, वर्षअखेरीस यादी करून समिती निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदीतून वगळण्याची, शिफारस करेल. केंद्रप्रमुखांना विचारून त्याची पद्धत नक्की करून घ्या आणि ठरावाची प्रत शाळेत ठेवा. या कागदाला खर्च शून्य आहे, आणि तो नसेल तर बाकीचा खर्च करूच नका.

मुलांकडून दंडही घेऊ नका. पुस्तक हरवलं म्हणून घरी पन्नास रुपये मागितले की ती आई पुढचं पुस्तक घरात येऊ देत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा विचार इथे वेगळा करायला हवा. बीड, अहिल्यानगर, जालना भागातली कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपून कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलात परततात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पाच पातळ पुस्तकं द्या. फडात, कोपीत ती धड राहणार नाहीत, कदाचित एकही परत येणार नाही. सव्वादोनशे रुपये. अशी चार मुलं असतील तर 900. ते आधीच खर्चात लिहून टाका. पाच महिने अक्षराचं दर्शन न झालेलं मूल परत आल्यावर वर्गात जे मागे पडतं, ते भरून काढणं याहून कितीतरी महाग आहे.

त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा हिशेब असा: गेलेल्या वीस पुस्तकांच्या जागी नवी, 1,200 रुपये. भरीला तीस नवी, 1,800. मासिकं 800, दुरुस्ती 300. एकूण 4,100.

पैसे कुठून आणायचे

आधी हक्काचे बघा. प्रत्येक शाळेत वाचनालय असावं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, हे शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी 5,000 रुपयांची तरतूद आहे. ती दरवर्षी वेळेवर हातात पडेल असं धरून चालू नका, बरेचदा रक्कम किंवा पुस्तकांचा तयार संच उशिरा येतो. पण आली का, कशावर खर्च झाली, हे समितीनं विचारायलाच हवं. समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आयांनी हा प्रश्न सभेत विचारला की तो इतिवृत्तात येतो. संच येणार असेल तर यादी आपल्याला निवडता येईल का, हेही विचारा.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत आराखडा ठरताना पुस्तकांची मागणी लेखी द्या, रकमेसह आणि यादीसह. "शाळेला मदत करा" म्हटलं की रंगरंगोटी होते. "ही 105 पुस्तकं, 6,650 रुपये" म्हटलं की चर्चा पुस्तकांवर होते. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल, अगदी 'ड' वर्गाचं, तर त्याच्या बालविभागातली पुस्तकं महिन्याच्या बोलीवर शाळेत आणता येतात का ते बघा. ग्रंथपालांनाही वाचक हवेच असतात.

लोकवर्गणीसाठी पुस्तकांची यादी किमतीसह शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावा. पंचेचाळीस-पन्नास रुपयांचं पुस्तक मजुरी करणाऱ्या बापालाही देता येतं, आणि मुलाला ते कायम लक्षात राहतं. कोकणात गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, देशावर जत्रेला सगळे जमतात, तेव्हा यादी लावलेली हवी. पैसे समितीच्या खात्यात, पावती देऊन. जुनी पुस्तकं देणाऱ्यांना नम्रपणे सांगा की अकरावीची गाईडं, अर्धी फाटलेली मासिकं आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या शाळेला नकोत. गठ्ठा घेतला तर निवडायला माणूस लागतो, आणि न निवडता लावला तर चांगली पुस्तकं त्यात दडून जातात.

खरेदी जूनमध्ये करा. शाळा उघडून पट पक्का झाला की पुस्तकं दोरीवर गेली पाहिजेत, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांना दिवाळीपूर्वी चार महिने मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये मोजदाद, निर्लेखनाची यादी आणि समितीची सभा. मग उन्हाळ्याची सुट्टी येते, दीड महिना शाळा बंद आणि पुस्तकंही बंद. साताऱ्यातलं भिलार 2017 साली पुस्तकांचं गाव झालं तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं ठेवायला जागा दिली. तेवढं मोठं काही करायला नको. पंचवीस-पंचवीस पुस्तकांच्या तीन कापडी पिशव्या करा, एक अंगणवाडी ताईंकडे, दोन वेगवेगळ्या आळ्यांत, जिथे दुपारी मुलं जमतात अशा ओट्यावर. पिशवीत त्या नोंदवहीचं एक पान आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. शिंप्याकडे एक पिशवी 60 रुपयांना होते. तीन पिशव्यांचे 180 रुपये दुसऱ्या वर्षाच्या 4,100 मध्ये मिळवा.